पट्टीखालचा शब्द

न्हाव्याने गालांवर फेस चढवला, त्याची मान मागे टेकवली, वस्तरा गळ्यापाशी आणला, आणि नेमका त्याच वेळी आरशाच्या वर टांगलेल्या टीव्हीत ताईचा लॉज दिसला. निळ्या कठड्याची गॅलरी, खाली पिवळ्या छत्र्यांची रांग, समुद्राकाठचा फरसबंद रस्ता, रस्त्यावर आडवी पडलेली प्लास्टिकची खुर्ची, एकटीच एक चप्पल, पोलिसांनी ताणून बांधलेली दोरी. जेमतेम दहा-बारा सेकंदांचा तुकडा, आणि तो चॅनेलच्या ऑफिसात बसून त्यानेच कापलेला. छत्रीची झालर केव्हा उडते, हवालदार केव्हा मान वळवतो, हे त्याने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. "झालं! पुन्हा तिथेच," शेजारच्या खुर्चीतले जाडगेले गृहस्थ म्हणाले. "परवा तिथेच, गेल्या महिन्यात तिथेच. आमचे साडू निघाले होते तिकडे, सहकुटुंब. मी म्हटलं, अहो, जिवावर उदार झालात की काय?" न्हावी म्हणाला, "नशेची पावडर विकणाऱ्यांचंच राज्य आहे साहेब तिथे. पाण्यात पाय बुडवायला जायचं आणि आडवं होऊन यायचं." दोघेही हसले. त्याला सांगायचं होतं की अहो, हे जुनं आहे, दोन वर्षांपूर्वीचं. काल जे झालं ते डोंगरापलीकडे झालं, तिथून पार दिवसभराच्या वाटेवर. आणि तसं तिथे लिहिलेलंसुद्धा असतं, वाचा की जरा. पण गळ्यावर वस्तरा असताना माणूस फारसा वाद घालू शकत नाही. म्हणून त्याने नुसती नजर त्या शब्दाकडे नेली, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे त्याने स्वतःच्या हाताने पांढऱ्या अक्षरांत 'संग्रहित' असं लिहिलं होतं. तिथे शब्द नव्हता. तिथे लाल पट्टी होती आणि पट्टीतून ताज्या बातम्या सरकत होत्या. अनुस्वाराचा ठिपका आणि वेलांटीचं टोक एवढंच काय ते पट्टीच्या वर राहिलं होतं. तो दचकला. "हलू नका साहेब," न्हावी म्हणाला आणि हनुवटीखाली कापलेल्या जागी त्याने तुरटी फिरवली.

रस्त्यावर आला तरी कानामागे फेस राहिला होता आणि हनुवटी चुरचुरत होती. ऑफिस तिथून चालत गेलं तर फार लांब नव्हतं, पण तो उलट्या बाजूला वळला, मग परत फिरला, एका चपलांच्या दुकानासमोर उगाच थांबला. दुकानातही टीव्ही होता. दुसरं चॅनेल, पण चित्र तेच, कारण बाकीची चॅनेलं त्याच्या चॅनेलकडूनच ते घेत. त्यांची पट्टी निळी होती आणि तीही तितकीच जाड होती. त्याला एकदम गरम व्हायला लागलं. इतके दिवस हे आपल्याला कसं दिसलं नाही? दिसणार कुठून! त्याच्या खोलीत चित्र येतं तेव्हा ते कोरं असतं. तो कापतो, जोडतो, कोपऱ्यात शब्द लिहितो आणि पुढे ढकलतो. पट्टी लावतात ती वरच्या मजल्यावर, दुसरी माणसं, दुसऱ्या यंत्रावर. गेल्या वर्षी चॅनेलचं रूपडं बदललं तेव्हा पट्टी दुप्पट उंच झाली, हे त्याने ऐकलं होतं. त्या दिवशी सगळ्यांना केक वाटला होता. पण घरी गेल्यावर तो स्वतःचं चॅनेल कधी लावत नसे. खानावळीतला आचारी घरी जाऊन वरण-भात नको म्हणतो, तसलाच हा प्रकार. म्हणजे त्याच्या खोलीतल्या पडद्यावर तो शब्द रोज ठसठशीत दिसत होता, आणि त्या खोलीबाहेर तो वर्षभरात एकाही माणसाने वाचला नव्हता.

एकाही म्हणजे ताईनेसुद्धा. पहिल्यांदा ते चित्र दाखवलं तेव्हा ताईला गंमत वाटली होती. त्या तुकड्याच्या शेवटी गॅलरीत एक बाई चादर घेऊन येते, खाली बघते आणि चादर तशीच घेऊन आत जाते. ती ताई. "अरे, मी दिसले त्यात! केससुद्धा विंचरलेले नव्हते, मेल्या, आधी सांगायचं तरी," असं ती फोनवर म्हणाली होती. मग ते चित्र दुसऱ्यांदा आलं, दहाव्यांदा आलं, आणि ताईचे केस हा विषय मागे पडला. एकदा तिने अगदी चाचरत विचारलं होतं, "ते बदलता नाही का रे येत? लोक फोन करून विचारतात, आजही झालं का म्हणून." त्याने तिला समजावलं होतं, "ताई, त्यावर लिहिलेलं असतं. संग्रहित म्हणून. कळतं लोकांना." ताई म्हणाली, "कुठे? मला तर नाही दिसत." आणि तो म्हणाला होता, "चष्म्याचा नंबर तपासून घे." तिने खरोखरच तपासून घेतला. नवा चष्मा केला. भावजींना पुढच्या खेपेला तालुक्याला पाठवून तो आणवला, आणि फोनवर सांगितलं, "आता भांड्यांवरचे डाग पण दिसतात रे, तुझा शब्द मात्र काही दिसत नाही. आता माझंच डोकं तपासायला हवं." दोघंही खूप हसली होती. त्याला आता चपलांच्या दुकानासमोर रडू येईल की काय असं वाटलं, आणि दुकानदाराने आतून विचारलं, "काय दाखवू?"

चूक कुणाची, असं त्याने चालता चालता मनात मांडून पाहिलं, आणि दर वेळी ती दुसऱ्याच कुणावर तरी जाऊन बसली. त्या दिवशी तिथे कॅमेरावाला गेला होता तो सुट्टीच्या मोसमाची बातमी करायला. पिवळ्या छत्र्या, पोरांचे वाळूचे किल्ले, ओल्या केसांच्या बायका, असलं काहीतरी. तो दुपारी जेवत असताना दोन पावडरवाल्यांचं आपसात वाजलं, एकाने दुसऱ्यावर गोळी झाडली, तो दवाखान्यात मेला. तेवढंच. त्याआधी तिथे काही झालं नव्हतं आणि त्यानंतरही काही झालं नाही. खरी माणसं मरत होती ती डोंगरापलीकडे, जिथून पावडर येते त्या गावांमध्ये, आणि तिथे कॅमेरा जात नव्हता. एकदा एक धीट कॅमेरावाला गेला होता. तो कॅमेऱ्याशिवाय परत आला आणि तिथे काय झालं हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. आता तो लग्नांचं चित्रण करतो. तेव्हा जिथे रोज मरतात तिथलं चित्र नाही, आणि जिथलं चित्र आहे तिथे एकदाच एक माणूस मेला. मग तो एकच माणूस पुन्हा पुन्हा मरायला लागला. सकाळी मरायचा, संध्याकाळी मरायचा, निवडणुकीच्या चर्चेत मरायचा. पर्यटनमंत्री पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात 'आपला देश पूर्ण सुरक्षित आहे, पाहुण्यांनी निश्चिंत यावं' असं सांगत असताना डाव्या अर्ध्या भागात मरायचा. ते दोन अर्धे शेजारी शेजारी त्यानेच तर बसवले होते, आणि छान बसलेत म्हणून स्वतःवर खूषही झाला होता. पुढे परदेशातल्या चॅनेलांनी ते चित्र उचललं. मग तिकडच्या सरकारांनी आपापल्या माणसांना सांगितलं, जाऊ नका. ताईकडे दर वर्षी येणारं एक म्हातारं परदेशी जोडपं होतं, ते खिडकीतल्या कुंड्यांना स्वतः पाणी घालायचं. त्यांनी यंदा नुसतं शुभेच्छांचं कार्ड पाठवलं.

ताईने तो लॉज घेतला तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. भावजींचा कारखाना बंद पडला, शहरात धुराने त्यांची छाती भरायची, तशी ती एक दिवस उठून म्हणाली की आपण समुद्रावर जाऊ. सात खोल्या, एक गॅलरी, गळकं छप्पर. गॅलरीचा निळा रंग त्या दोघा भावंडांनी मिळून लावला होता. तो शिडीवर आणि ताई खाली डबा धरून. रंग नाकावर पडला तेव्हा ती म्हणाली होती, "राहू दे, शोभतोय तुला." आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, त्याच्या पहिल्या नोकरीला त्याच्यापेक्षा तिचाच जीव जास्त टांगणीला लागला होता. ती चादर झटकते तीसुद्धा आईसारखी, दोनदा जोरात आणि मग हनुवटीखाली धरून घडी. त्या तुकड्यात चेहरा ओळखू येत नव्हता, चष्मा ओळखू येत नव्हता, पण चादर धरलेली ती हनुवटी त्याने पहिल्याच झटक्यात ओळखली होती. आणि तरी तो तुकडा त्याने कापला, कारण त्यात पोलीस होते, दोरी होती, चप्पल होती आणि शेवटी आत जाणारी बाई होती. बाई आत गेली की बघणाऱ्याला भीती वाटते. हे त्याला कळतं. त्याचं पोट याच कळण्यावर चालतं. ऑफिसात त्याला कात्री म्हणतात ते काही उगाच नाही.

आज सकाळीच, दाढीला निघायच्या आधी, ताईचा फोन आला होता. आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता. कुठल्याशा शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांचा मोठा गट आहे, साठी उलटलेली मंडळी, सगळा लॉज आठवडाभर त्यांनाच हवा आहे. पण त्यांच्यातले काही घाबरताहेत. आज संध्याकाळी ते सगळे एकाच्या घरी जमणार आणि काय ते ठरवून कळवणार. "हा गट आला ना, तर हे थांबतील रे," ताई म्हणाली. हे म्हणजे भावजी. भावजींनी लॉज विकायला काढला होता. एक दलाल दोनदा येऊन भिंती ठोकून गेला होता. "नाही आला तर मी पण नाही म्हणणार नाही त्यांना. किती दिवस रिकाम्या खोल्या झाडायच्या? रोज चादरी बदलते. कुणी झोपलेलं नसतं त्यावर, तरी बदलते." नंतर म्हणाली, "तुझ्याकडे येऊन राहू आम्ही, चालेल ना?" तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं!" आणि फोन ठेवल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की आपल्या घरात भावजींची खाट कुठे लागेल. त्या विचाराची त्याला लाज वाटली, म्हणून तर तो दाढीला बाहेर पडला होता.

ऑफिसात पोचल्यावर तो आपल्या खोलीत गेलाच नाही. थेट डेस्कप्रमुखांच्या टेबलासमोर उभा राहिला. डेस्कप्रमुख म्हणजे माणूस वाईट नव्हता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन, आणि तिसरा हात नाही याचं त्यांना खरंखुरं दुःख होतं. "सर, आपली पट्टी 'संग्रहित'वर येते," तो म्हणाला. "कशावर?" "संग्रहित. कोपऱ्यातला शब्द. लोकांना तो दिसतच नाही. जुनं चित्र आजचं वाटतं." डेस्कप्रमुखांनी एक फोन कानापासून लांब धरला. "मग वर सरकव." "वर उजवीकडे आपलं चिन्ह असतं." "डावीकडे?" "डावीकडे 'थेट' असतं." डेस्कप्रमुखांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना हसू आलं. "'थेट'च्या खाली 'संग्रहित' लिहायचं? अरे, लोक आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील." "मध्यभागी लिहिलं तर?" "मग चित्र कशाला दाखवायचं? पाटीच दाखवू." आसपासची दोन-चार माणसं हसली. डेस्कप्रमुख म्हणाले, "मी वरच्यांना कळवतो. पट्टी काही माझ्या हातात नाही. आणि इतके दिवस कुणाची तक्रार नाही, आजच तुला कुठून सुचलं?" दाढी करताना सुचलं, असं त्याला सांगता येईना. माझी बहीण तिथे राहते, हेही त्याने आजवर ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं? सांगितलं असतं तर त्यांनी ते चित्र लावणं थांबवलं असतं, की 'बहिणीला म्हणावं गॅलरीत ये, तिच्याशी बोलू' असं म्हणून तिच्यामागे माईक लावला असता? दुसरीच शक्यता जास्त होती. तो खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं.

ती खोली म्हणजे एक कोनाडाच. दोन पडदे, एक खुर्ची, भिंतींना आवाज शोषणारा काळा स्पंज, ज्याला कुणीतरी फार पूर्वी नखाने टोकरून भोक पाडलं होतं. एरवी इथे आला की त्याचं मन ठिकाणावर यायचं. बाहेर सगळं अस्ताव्यस्त असतं, इथे निदान कुठे थांबायचं ते आपल्या बोटात असतं. पण आज बोटंच थाऱ्यावर नव्हती. त्याने 'किनारा' उघडला, या तुकड्याला ऑफिसात हेच नाव होतं, आणि शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा पाहिला. ताई येते, खाली बघते, आत जाते. तिला त्या वेळी काय वाटलं असेल, हे इतक्या दिवसांत त्याने तिला विचारलं नव्हतं. खाली नुकतंच एका माणसाचं रक्त सांडलेलं, आणि ही पाहुण्यांची चादर वाळत घालायला आलेली. ती घाबरली असेल. ती रात्रभर झोपली नसेल. तो तुकडा कापायच्या नादात त्याला ती फक्त शेवट म्हणून दिसली होती, एक चांगला शेवट. तो घोटभर पाणी प्यायला. पाणी गार होतं आणि हनुवटीखालचं कापलेलं गिळताना ताणलं गेलं.

दुपार कलली तशी बातमी आली. डोंगरापलीकडे पुन्हा झालं होतं, आणि या वेळी फार मोठं. बाजाराच्या दिवशी दोन टोळ्या समोरासमोर आल्या होत्या, बाजाराला आलेली साधी माणसंही मेली होती, नक्की किती ते कुणालाच कळत नव्हतं. बाहेर पळापळ सुरू झाली. निवेदिकेने ओठ रंगवता रंगवता आकडा विचारला. डेस्कप्रमुखांचा आवाज दारातून, स्पंजातून, सगळ्यातून आत आला, "कात्री, किनारा लाव! सहाच्या बातम्यांना!" सहा वाजता. म्हणजे ती साठी उलटलेली मंडळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात चहाचे कप घेऊन बसलेली असतील तेव्हा. तो बाहेर गेला. "सर, आज नकाशा लावू का? गाव कुठे आहे ते तरी कळेल लोकांना. डोंगर, नदी, लाल ठिपका." डेस्कप्रमुख म्हणाले, "नकाशा बघून कुणी हातातला घास खाली ठेवत नाही." "मग दुसरं काही बघतो. किनारा फार शिळा झालाय." हे मात्र त्यांना पटलं. "बघ. पण पोलीस दिसले पाहिजेत. आणि लवकर." तो जवळजवळ पळतच खोलीत आला. आपण आत्ता काय केलं हे त्याला अजून कळलं नव्हतं, पण छातीत काहीतरी हलकं झालं होतं. ताईचं गाव आज दिसणार नाही. आजचा एक दिवस तरी.

जुन्या चित्रांच्या साठ्यात त्याने पोलीस शोधले. मिरवणुकीतले पोलीस निघाले, खेळाच्या मैदानावरचे निघाले, झाडावर अडकलेलं मांजर काढणारे निघाले. घड्याळ पुढे चाललं होतं. आणि मग ते सापडलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला एक तळं आहे, तळ्याकाठी छोटंसं गाव, पायाने चालवायच्या होड्या, काठाने चहाची टेबलं. तिथल्या पोलिसांनी मागे एकदा सराव केला होता. पर्यटकांना सुरक्षित वाटावं, काही झालंच तर पोलीस कसे धावून येतात ते दिसावं, म्हणून मुद्दाम गावातली माणसं गोळा करून तळ्याकाठी आडवी झोपवली होती, कपड्यांवर लाल रंग ओतला होता, आणि मग गाड्या, शिट्ट्या, दोऱ्या, स्ट्रेचर. चॅनेलने तेव्हा ते दाखवलंच नाही, कारण त्यात काही घडलं नव्हतं. तो श्वास रोखून बघत राहिला. किती सुंदर चित्रं होती! प्रकाश उतरता, पाणी चमकतं, एक होडी रिकामीच हेलकावे खातेय, आणि काठावर माणसं पडलेली. त्यातला एक पोट सुटलेला इसम, बहुधा तिथला चहावाला असावा, मेलेल्याचं काम मन लावून करत होता. पण मध्येच त्याच्या पायावर माशी बसली आणि त्याने दुसऱ्या पायाने ती हाकलली, आणि शेजारची मेलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. त्याने माशी बसायच्या आधी कापलं. बाईचं हसू येतं तिथून उडवलं. पोलीस धावतात तिथे रिकामी होडी जोडली. बोटं आता अजिबात चुकत नव्हती. कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, नेहमीच्या पांढऱ्या अक्षरांत त्याने 'संग्रहित' लिहिलं. लिहिताना त्याचा हात किंचित थांबला. पट्टी कुठवर येते हे आता त्याला नीट माहीत होतं. त्याने शब्द जिथे होता तिथेच राहू दिला आणि चित्र पुढे ढकललं.

सहाच्या बातम्या त्याने बाहेर उभं राहून, सगळ्यांच्या मध्ये, मोठ्या पडद्यावर पाहिल्या. निवेदिकेचा आवाज कापत होता. बाजार, टोळ्या, निष्पाप जीव. आणि मग ते तळं आलं. ऑफिसातली माणसंसुद्धा, ज्यांना रोज हेच करायचं असतं, ती हातातलं काम सोडून बघत राहिली. "बाप रे," कुणीतरी म्हणालं. डेस्कप्रमुखांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे कुठलं काढलंस?" "होतं साठ्यात." "फार छान. अंगावर काटा आला." त्याने मान हलवली. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की तो चहावाला जिवंत आहे, त्याच्या पायावर माशी बसली होती, मी ती कापली. तो पाण्याच्या टाकीपाशी गेला, ग्लास भरला आणि तसाच ठेवून परत आला. घरी जाताना फोन वाजला तेव्हा त्याला आवाजावरूनच कळलं. "आले रे! म्हणजे येतायत! सगळेच्या सगळे!" ताई हसत होती की रडत होती ते समजत नव्हतं. "आज आमच्याकडचं दाखवलंच नाही ना तुम्ही, त्या भल्या माणसांना वाटलं इथे आता निवळलंय. हे बघ, भावजी तुझे शिडी घेऊन निघाले, दिवे बदलतो म्हणतात." मागून भावजी काहीतरी बोलले, बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बोलण्यात खोकला सोडून काही ऐकू आलं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याला आनंद झाला. अगदी खराखुरा, लहानपणी ताईने मायेने जवळ ओढल्यावर व्हायचा तसला. घरी बायकोने विचारलं, "आज काय एवढं खुशीत?" तो म्हणाला, "ताईकडे पाहुणे येतायत," आणि दोनदा भाजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडचा आकडा वाढला. तो ऑफिसात शिरतो न शिरतो तोच डेस्कवरून हाक आली, "कात्री, तळं लाव!" एका रात्रीत त्याला नावसुद्धा पडलं होतं. त्याने लावलं. दुपारपर्यंत इतर चॅनेलांनीही ते घेतलं, कुणी हळू करून, कुणी त्यात रिकाम्या होडीभोवती लाल गोल काढून. तळ्याकाठच्या गावच्या कुणा हॉटेलवाल्याचा ऑफिसात फोन आला होता म्हणे, फार चिडला होता, काहीतरी सराव-सराव म्हणत होता. फोन घेणाऱ्या मुलीला ते काही कळलं नाही. "त्यांना सांगितलं, त्यावर 'संग्रहित' लिहिलेलं असतं म्हणून," ती म्हणाली. "ते म्हणाले, कुठे?" तो जिन्यात जाऊन उभा राहिला. मग खाली गेला, मग वर आला. डेस्कप्रमुखांच्या टेबलापर्यंत गेला. त्यांचे दोन्ही हात फोनमध्ये गुंतलेले होते. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला म्हणून पुन्हा जिन्यात आला.

ताई होती. "अरे, सकाळपासून बसायला वेळ नाही," ती म्हणाली. "तीन ठिकाणांहून फोन आले. पुढच्या महिन्याच्या पण खोल्या जातील असं दिसतंय. ती तळ्याकडे जाणारी माणसं ना, ती आता इकडे वळलीत. तिथलं सगळ्यांनी रद्द केलं." तो म्हणाला, "हो का?" पलीकडे चादर झटकल्याचा आवाज आला, दोनदा. ताई जरा घुटमळली. "ऐक ना. तुला म्हणून विचारते हं, मला काही त्यातलं कळत नाही. ते तळ्याचं अजून थोडे दिवस दाखवालच ना तुम्ही? म्हणजे हा मोसम संपेपर्यंत तरी?" जिन्यात कुणीतरी खालून वर आलं, त्याच्या अंगाला चाटून गेलं. ताईला बहुतेक स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण ती घाईघाईने म्हणाली, "तसं नाही रे. वाईट वाटतंच की. मी काल बघितलं, मला तर जेवण गेलं नाही. तो एक जाडा बिचारा, कुणाच्या घरचा कर्ता असेल. पण झालेलं आहे ते झालेलंच आहे, आपण काही ते केलेलं नाही. हो ना?" आणि तरी तिचं समाधान झालं नाही. तिने आवाज खाली आणला. लहानपणी आईच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांना विचारताना आणायची तसा, फक्त उलट्या उत्तराची वाट बघत. "खरंच मेलीत ना रे ती माणसं?"

त्याने कठडा घट्ट धरला.

"हो ताई," तो म्हणाला. "मेलीत."